दर हजारी

आमच्या पेठेत माणसं सगळ्यांत कमी मेली, म्हणून मामंजींनी पेढे वाटले.

ताट घेऊन दारोदार फिरायचं काम माझ्याकडे. प्रत्येक दारात तोच प्रश्न. शेट्यांच्या म्हातारीला ऐकू नीट यायचं, पटायचं मात्र कमी. ती उंबऱ्यातच बसली होती.

"कशाचे गं पेढे?"

"आपल्या पेठेत हजारी एकोणीस, म्हणून."

"एकोणीस काय?"

"मेले."

म्हातारीने तोंडाशी नेलेला पेढा खाली घेतला. "मेले त्याचे पेढे?"

"जे मेले नाहीत त्यांचे," मी म्हटलं.

म्हातारीने जरा विचार केला. त्यात आपण आहोत असं दिसल्यावर खाल्ला.

प्लेगची साथ ओसरून तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. गावच्या म्युनिसिपालटीने मुंबईहून सबनीस नावाचा तरुण डॉक्टर हेल्थ ऑफिसर म्हणून आणला होता. त्याने गावाची एकेक पेठ घेऊन, तिथे हजार माणसांमागे वर्षात किती मेली, याचा तक्ता केला आणि कचेरीच्या भिंतीवर लावला. त्याआधी आमच्या गावात माणसं नुसती मरायची. आता पेठवार मरायला लागली. तक्त्यात सगळ्यांत वर सत्तेचाळिसावर तांबट आळी आणि सगळ्यांत खाली एकोणिसावर आमची भांडे पेठ. लोक तक्ता बघून असे परतत, जसे कुस्ती बघून परततात.

मामंजी म्हणजे गणपतशेट लांजेकर, माझे सासरे. तांब्यापितळेच्या भांड्यांचं मोठं दुकान आणि म्युनिसिपालटीच्या आरोग्य कमिटीचे अध्यक्ष. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले, त्यामुळे कमिटीचे छापील कागद वाचून दाखवायचं काम माझं होतं. मुलगे असताना सून का, तर मुलगे पुटपुटत वाचायचे आणि माझा आवाज तांबट आळीचा होता.

त्या आळीत मी जन्मले. दिवसभर चाळीस घरांत हातोडे चालायचे. पुरुष तिशीत बहिरे व्हायचे, आणि दुसऱ्या पेठांत जे कानात सांगतात ते आमच्याकडे ओरडून सांगावं लागायचं. आळीत गुपित म्हणून टिकायचंच नाही काही. शाळेत मी गेले नाही. माझे वडील लग्नाच्या भांड्यांवर बारीक छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांची नावं घालत. सौ. अमकी, सौ. तमकी. त्या ठिपक्यांवर बोट फिरवून मी अक्षरं शिकले. त्यामुळे बरेच दिवस माझी अशी समजूत होती, की लिहिणं म्हणजे बायकांची नावं.

भांडे पेठेतले दुकानदार आणि आळीतले कारागीर एकाच जातीचे. पेठेतल्या मुली पुण्या-नाशकाला द्यायच्या आणि सुना आळीतून आणायच्या, असा रिवाज होता. सासूबाई म्हणत, "आळीतली पोर खाते कमी आणि दमत नाही." माझ्या तोंडावर म्हणत. मीही दमत नसल्यामुळे वाईट वाटून घ्यायला वेळ मिळायचा नाही.

माझी धाकटी जाऊ मथुराही आळीतलीच. माझ्या माहेरच्या घरासमोरच्या सखारामकाका करड्यांची मुलगी. मला सगुणाक्का म्हणायची, लग्न झाल्यावरही तेच.

पेढे संपले तोच बातमी आली. कलेक्टरसाहेबांनी तक्ता पाहिला, फार खूश झाले, आणि पुढच्या वर्षी ज्या पेठेचा आकडा सर्वांत कमी, तिला ढाल द्यायचं जाहीर करून गेले. ढाल तांब्याची. घडवायचं काम अर्थातच तांबट आळीला, आणि आळीत सगळ्यांत साफ हात सखारामकाकांचा, म्हणून त्यांना.

पहिले सहा महिने पेठेने गटारं धुतली. पण गटारं धुऊन माणूस मरायचा थांबत नाही, असं दिसून आल्यावर लोक दुसऱ्या उपायांकडे वळले. पावसाळ्यानंतर पेठेतले म्हातारे एकाएकी नातेवाइकांना आठवायला लागले. कोणी पुतण्याकडे गेला, कोणी तीर्थाला. शेट्यांच्या म्हातारीला नाशिकला लेकीकडे पाठवलं. टांग्यात बसताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एकदा पेढा खाल्ला, तो असा भोवला."

मथुरेला गणपतीपासून संध्याकाळचा ताप यायचा. मग खोकला सुरू झाला. माजघरामागच्या आतल्या खोलीत ती असायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसाही समई लागायची. घरातली बाळंतपणं तिथेच होत, आजारी सून तिथेच निजायची, आणि शेजारच्या चुलीचा धूर वाट चुकला की तोही तिथेच मुक्कामाला. मथुरेची बनी तेव्हा दोन वर्षांची, दुडुदुडु पळायची.

सुनेचं दुखणं लांबलं की तिला विश्रांतीला माहेरी पाठवायचं, ही पेठेतली जुनी रीत. त्यात वाईट असं कोणाला काही वाटत नसे. माहेरी आई असते, काम नसतं. लेकरू मात्र सासरी राहायचं. ज्या घराचं मूल त्या घरात. सासूबाईंनी कार्तिकात दिवस ठरवला आणि पेटी उतरवून घेतली. पेटीत स्वतःची चांगली शाल घातली, डिंकाचे लाडू घातले, मथुरेचा नाव घातलेला तांब्या घातला. त्या दुष्ट नव्हत्या. लाडवांत बदाम होते.

मी आत काढा घेऊन गेले तेव्हा मथुरा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"पेटी काढली का, सगुणाक्का?"

"काढली."

"कुठली?"

"तांब्याच्या कोपऱ्यांची."

"तीच परत येते ना? रिकामी?"

"काढा पी. कडू नाही."

"कडूच असतो." ती प्यायली. मग म्हणाली, "आईकडे जायला मला काही नाही. आईकडे बरंच आहे. पण तिथून बनी दिसत नाही गं. तू त्यांना सांग, मला गोठ्यात ठेवा. जिन्याखाली ठेवा. ती पळताना दिसेल अशा कुठल्याही जागी ठेवा, मी काही बोलणार नाही."

"मी कोण सांगणारी?"

"वाचणारी," मथुरा म्हणाली. "तुझं ते ऐकतात."

ऐकत होते, पण छापलेलं. सुनेचं स्वतःचं असं वाक्य त्या घरात अजून कुणी ऐकलं नव्हतं. मी वाटी घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सबनीस मामंजींकडे चहाला आले. मामंजी बसत ती माडीवरची खोली. तिला रस्त्याच्या बाजूने दोन खिडक्या, चौकाच्या बाजूने एक. मामंजींच्या शेजारी त्यांचा पाण्याचा तांब्या. भांड्यांच्या एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरात तो एकच तांब्या पोचे पडलेला होता आणि तोच त्यांना लागायचा. त्याच्यावर 'रखमा' असं नाव होतं. मोड म्हणून दुकानात आलेल्या भांड्यांतला असेल, असं मी आल्या दिवसापासून समजत होते. दुसऱ्याच्या नावाची भांडी आमच्याकडे शेकड्यांनी असत.

मी चहा घेऊन दाराशी थांबले. डॉक्टर घोटाळ्यात पडलेले दिसत होते.

"शेटजी, तांबट आळीचं कोडं काही सुटत नाही. मी चार वेळा जाऊन आलो. हवा उत्तम. नदीचं वारं सरळ येतं. विहीर चांगली. पुरुष ठणठणीत, बहिरे आहेत तेवढंच. मरतात त्या बायका. आणि त्याही पंधरा ते तीस वयाच्या."

"आळीच तशी," मामंजी म्हणाले.

"तशी म्हणजे?"

"तशी म्हणजे तशी. दैव."

"दैवाचं मला काही करता येत नाही. आणखी एक चमत्कार पाहा. खानेसुमारीत त्या वयाच्या जितक्या बायका आळीत आहेत, त्या मानाने मरणाऱ्या फारच होतात. हे असंच चाललं तर आळीत त्या वयाची बाई औषधाला उरायची नाही. पण प्रत्येक वर्षी असतातच."

मामंजी हसले. "मग बाहेरून येऊन मरत असतील."

डॉक्टरही हसले. मामंजींचं हसू मात्र मधेच थांबलं आणि त्यांनी चाचपडत तांब्याकडे हात नेला. मी कपबशा पुढे ठेवल्या. त्याच वेळी खालून खोकला ऐकू आला. मोठी उबळ होती.

"कोण खोकतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

खालून सासूबाईंचा आवाज आला, "फोडणीचा ठसका."

दुपारचे चार वाजले होते. चुली केव्हाच्या विझल्या होत्या. डॉक्टर कपात बघत राहिले. मुंबईचे असले तरी फोडणीची वेळ त्यांना ठाऊक असावी.

मला त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. मी दमले होते, झोपले. पण सकाळी भांडी घासताना एकेक भांडं हातात आलं आणि त्यावरची नावं माझ्या तोंडात बसली. माझ्या वडिलांच्याच हातची कितीतरी. त्यातल्या अर्ध्या मुलींबरोबर मी सागरगोटे खेळले होते.

त्याच दिवशी सखारामकाका टांगा घेऊन मथुरेला न्यायला आले.

ते ओसरीवर बसले आणि एकदम आळीच्या आवाजात म्हणाले, "आलो शेट. पोरीला द्या. मरायला पाठवताय ना?"

सासूबाईंच्या हातून पानाचं तबक पडलं. "अहो, हळू बोला."

"हळू बोललो तर मी काय बोलतो ते मलाच ऐकू येत नाही."

"विश्रांतीला नेताय, व्याही," मामंजी मोठ्याने म्हणाले.

"हो हो. विश्रांतीलाच. शेट्यांची चंद्री आली होती ती विश्रांतीच घेतेय. कडूंची गंगू घेतेय." काकांच्या बोलण्यात राग नव्हता. कुणी हंडा-कळशी मोजावी तसे सांगत होते. "हिची आई वाट बघतेय. खाट मोकळीच आहे. आमच्याकडे खाट मोडत नाही आम्ही."

रस्त्यावर दोन माणसं थांबली. मामंजी अवघडले. आळीच्या माणसाला गप्प करायचं तर त्याच्याहून मोठ्याने बोलावं लागतं, आणि ते म्युनिसिपालटीच्या सभासदाला शोभत नाही. सासूबाई म्हणाल्या, आत्ता निघायला वेळ बरी नाही, दोन वाजेपर्यंत थांबा. टांगेवाला घोड्याला वैरण घालायला लागला. मथुरा आवरून माजघराच्या उंबऱ्याशी पेटीला टेकून बसली होती. बनी पेटीवर चढत होती आणि घसरत होती. वामनभाऊजी, मथुरेचे यजमान, दुकानात वजनं पुसत होते. सकाळपासून पुसत होते.

"व्याही, तुम्ही आम्हांला दोष देता," मामंजी म्हणाले, "पण दोष आळीचा आहे. सरकारी तक्ता आहे. सगुणा, अहवाल आण. वाचून दाखव ह्यांना त्यांच्या आळीचा आकडा. मोठ्याने वाच, म्हणजे ऐकू जाईल."

ज्या आळीत माणसं सर्वांत जास्त मरतात हे सिद्ध करायचं, तिथेच आपण सुनेला विश्रांतीला पाठवतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या पेठेत ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पेढे मीही वाटले होते.

मी अहवाल आणला. खांबाला टेकून उभी राहिले. पदर सावरला आणि वाचायला लागले.

"तांबट आळी. वस्ती सहाशे दहा. मृत्यूचं प्रमाण दर हजारी सत्तेचाळीस."

"ऐकलंत?" मामंजी म्हणाले.

"स्त्रिया. वय पंधरा ते तीस." इथे एक आकडा छापलेला होता. तो मी वाचला नाही. त्याच सुरात, त्याच आवाजात पुढे गेले. "चंद्रभागा. शेट्यांची सून. श्रावणात आळीत आणली, दसऱ्याला गेली."

सखारामकाकांनी मान हलवली. "बरोबर."

"गंगू. कडूंची मधली सून. बाळंतपणानंतर ताप. मुलगा सासरी ठेवला. संक्रांतीच्या आधी गेली. तुळसा, हजाऱ्यांची धाकटी. खोकला. येताना चालत आली. सुंदरा, पिंपळ्यांची सून. पेटी आळीत पोचली त्या दिवशीच गेली, उघडायचं राहिलं."

"हो, ते लाडू तसेच होते," काका म्हणाले. "बरोबर लिहिलंय. कोणी लिहिलंय हे?"

मी पान उलटलं. पुढल्या पानावर गटारांची लांबी-रुंदी होती. मी वाचत होते. "अनसूया. कोंडाबाई. तीही शेट्यांचीच, चंद्रभागेच्या आधीची." दुकानातलं वजन पुसणं थांबलं.

मामंजींनी हात वर केला. "थांब. नावं छापलीत?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्या डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण भांड्याच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस. नाद ऐकून भरीव-पोकळ सांगायचे.

"ह्या सगळ्या आपल्या पेठेत दिलेल्या?"

"दिलेल्या आपल्या पेठेत. गेल्या आळीत."

"मग तक्त्यात कुणाच्या हजारात धरल्या?"

"आळीच्या."

रस्त्यात घोडा वैरण खात होता. मग सासूबाई दारातून म्हणाल्या, "झालं का वाचून? दोन वाजत आले."

"रखमा आहे का त्यात?" मामंजींनी विचारलं.

मी पानात बघत राहिले. तिथे सार्वजनिक मुताऱ्यांची दुरुस्ती होती. रखमा म्हणजे तांब्या, एवढंच मला ठाऊक होतं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. अगदी सावकाश. "ती ह्या सालातली नाही. ती माझ्या आधीची."

"रखमाआत्या होय," सखारामकाका म्हणाले. आळीत जुन्या माणसांचीही नावं रोज घेतल्यासारखी घेतात. "मी लहान होतो. आमच्या शेजारच्या ओसरीवर बसायची. ह्या पेठेकडे तोंड करून बसायची. आम्ही पोरं विचारायचो, काय बघतेस? तर म्हणायची, धूर बघते. लांजेकरांच्या चुलीचा धूर दिसतो का बघते."

मामंजी वीस वर्षांचे असतील तेव्हा. त्यांना कोणी विचारलं नसेल, मथुरेच्या वेळी वामनभाऊजींना विचारलं नव्हतं तसंच.

"पेटीत मी तांब्या घातला होता," मामंजी म्हणाले. "पोचला की नाही कळेना. मग पेटी आली. तांब्याही आला. आत पाणी होतं थोडं."

मग त्यांनी घसा साफ केला आणि कमिटीच्या आवाजात म्हणाले, "टांगा परत पाठवा."

"अहो, पण," सासूबाई म्हणाल्या, "आणि ढाल?"

"व्याही, ढालीवर नाव घातलं का?"

"ठिपके आखून ठेवलेत. भांडे पेठ म्हणून."

"छिन्नी लावू नका अजून. पेटी माळ्यावर टाका. आणि माझी गादी माडीवरून खाली आणा, आतल्या खोलीत. मथुरा माडीवर जाईल."

वामनभाऊजी दुकानातून आत आले. वडिलांसमोर बायकोशी कधी बोललेही नव्हते. त्या दिवशी कोणाकडे न बघता त्यांनी मथुरेला उचललं आणि जिना चढले. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण रागाने नव्हे. काका टांगेवाल्याला सांगत होते, "रिकामाच चल. बरं वाटतंय रिकामं जायला." ते सगळ्या पेठेला ऐकू गेलं.

नंतर मी अहवाल ठेवायला गेले तेव्हा मामंजी हळूच म्हणाले, "सगुणा, सबनीस हुशार माणूस. पण नावं छापण्याइतका हुशार नाही."

"नाही," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. आणि तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मथुरेची छाती ऐकली, आणि खाली येऊन आतली खोली पाहायला मागितली. समई घेऊन उभे राहिले, भिंतीवरून हात फिरवला. घरात माणसाने काय बोलावं ते त्यांना कधीच नीट साधलं नाही. "सुटलं," एवढंच म्हणाले. मग ओशाळून म्हणाले, "कोडं म्हणतोय मी. बाई बऱ्या होतील असं मी सांगणार नाही."

बनीला आईजवळ निजू द्यायचं नाही, तिच्या ताटातलं द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मथुरेने ते ऐकून घेतलं. तिला चौकाकडच्या खिडकीशी बसवलं. खाली चौकात बनी दिवसभर पळायची, मातीची भांडी मांडायची, पडायची, वर बघून रडायची. मथुरा वरून सांगायची, "उठ, काही लागलं नाही." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागे. बनी तोवर थांबायची आणि मग उठायची.

मामंजी आतल्या खोलीत आठ दिवस झोपले. नवव्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, "शेट, ही भिंत हातभर जाड आहे, खिडकी कशाला हवी? तुम्हांला दिसत तर नाही."

"मला दिसत नाही म्हणून तर कळलं," मामंजी म्हणाले. "पाड."

मार्गशीर्ष संपता संपता मथुरा फार खंगली. इंग्रजी वर्ष संपायला थोडे दिवस राहिले होते, आणि आमचा आणि जोशी पेठेचा आकडा बरोबरीत चालला होता. दोघे-तिघे प्रतिष्ठित मामंजींना भेटायला आले. घसे खाकरून झाले. मग कडू म्हणाले, "शेटजी, माणसाचं काय चालतं? पण शेवटचे दिवस आईजवळ गेले तर पोरीचाही जीव शांत होईल. सगळ्या पेठेचा प्रश्न आहे."

"बरोबर आहे," मामंजी म्हणाले. "पण पेटी सापडत नाही."

"पेटी आम्ही देतो."

"आमच्या घरची तीच रीत आहे. तीच पेटी लागते."

ते गेल्यावर सासूबाई माजघरात बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "माळ्यावरची ती पेटी जरा मागे सरकव. खालून कोपरा दिसतोय."

मथुरा नाताळात गेली, सकाळी. बनी खाली चौकात मांजरामागे पळत होती. मथुरा बघत होती. मी दूध घेऊन वर गेले तेव्हाही बघतच होती, पण बनी तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

नोंद करायला मामंजी स्वतः गेले. सखारामकाका हात धरून बरोबर. कचेरीत मी नव्हते, पण काकांनी घरी जाऊन मथुरेच्या आईला सांगितलं आणि ते आम्हां सर्वांना, नदीपलीकडच्यांनाही, ऐकू आलं. कारकुनाने शेटजींना खुर्ची दिली. आवाज खाली आणून म्हणाला, "मुलीचे वडील बरोबर आहेतच. आळी लिहू का? नेहमीसारखं?"

"घर लांजेकरांचं," मामंजी म्हणाले. "भांडे पेठ."

"शेटजी, एकाने ढाल जाते."

"लिही."

कारकुनाने लिहिलं.

"आजारी पडली त्या खोलीला खिडकी नव्हती, तेही लिही."

"त्याला रकाना नाही."

"मग बाजूला लिही. समास असेल ना?"

कारकुनाने मोडी लिपीत काहीतरी लिहिलं. काकांना ठिपक्यांचं बाळबोध तेवढं यायचं, आणि मामंजींना दिसत नव्हतं. त्यामुळे ते लिहिलं की नुसता टाक फिरवला, हे आजवर कोणाला ठाऊक नाही.

ढाल जोशी पेठेला गेली. भांडे पेठेचे आखलेले ठिपके काकांनी चिंचेने घासून काढले आणि नवं नाव घातलं. लेक जाऊन थोडेच दिवस झाले होते, तरी अक्षर त्यांनी साफ काढलं. जोशी पेठेतून आमच्याकडे पेढे आले. घ्यायचे का, असं सासूबाईंनी विचारलं.

"घ्या," मामंजी म्हणाले. "आणि त्यांच्यात आतल्या खोल्या किती आहेत, तेवढं विचारा."

पुढच्या वर्षी आमच्या पेठेचा आकडा चढला आणि आळीचा उतरला, तेव्हा लोक डॉक्टरांवर फार चिडले. हा माणूस आल्यापासून पेठेत मृत्यू वाढले, असा अर्ज गेला. त्यावर पहिली सही मामंजींची घ्यायला आले होते. मामंजींनी अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि सही कुठे करायची ते दिसत नाही म्हणाले.

बनी आता दोन लेकरांची आई आहे. चांगली धडधाकट आहे, आणि तिच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत, त्या मी लग्न ठरायच्या आधी जाऊन मोजून आले. तिचा आवाज माझ्यावर गेलाय असं तिचा नवरा म्हणतो. त्याला काय माहीत, तो आवाज आळीचा आहे.

तिला मी अक्षरं शिकवली ती ओसरीवर, तिच्या आईच्या तांब्यावरून. बोट ठिपक्यांवरून फिरवायचं. म. थु. रा. मामंजी शेजारी बसलेले असायचे, तेव्हा डोळे पुरते गेले होते. एक दिवस तिने आपला तांब्या खाली ठेवला आणि त्यांचा पोचे पडलेला ओढून घेतला. मी अडवणार होते. मामंजींनी हाताने नको म्हटलं.

बोट फिरवत ती पुटपुटली, "र... ख..."

"मोठ्याने वाच," मामंजी म्हणाले.